परतलेल्यांचा खांदा

कार्वापाम्पा
४ जून १९७२

चि. बेनिता हिला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. आपली मेरीमाता, असुन्तामाई, तुला सुखात ठेवो.

ईस्टरला दोन ओळी टाकल्या होत्या, त्यानंतर आजच. काम निघाल्याशिवाय अक्काला बहीण आठवत नाही असं तू मनात म्हणशील. म्हण. काम निघालंच आहे.

माझी देल्फीना येत्या गुरुवारच्या गाडीने लिमाला येते आहे. शाळेतले विदाल मास्तर तिला तीन वर्षं पळवतात हे तुला ठाऊक आहे; तेही बरोबर येत आहेत. सकाळी ती तळ्याकाठच्या गोठलेल्या गवतातून पळते, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या अजून दारात येऊन विचारतात, पोरीच्या मागे कुत्रं लागलंय की नवरा. मास्तरांचं म्हणणं असं, की चार हजार मीटरवर वाढलेल्या छातीला दम भरपूर आहे, पण पायांना वेग नाही; इथल्या विरळ हवेत पायांना वेग शिकवताच येत नाही. म्हणून सात आठवडे समुद्रकाठी सराव, जुलैअखेर पंधराशे मीटरची राष्ट्रीय शर्यत, आणि मग घरी.

मास्तरांनी मलाही कामाला लावलंय. पोर अंथरुणातून उठायच्या आत तिची नाडी आणि श्वास मोजायचे नि लिहून ठेवायचे. घरखर्चाच्या वहीची मागची पानं कोरी होती, तीच घेतली. नाडी अठ्ठेचाळीस, श्वास चौदा. आमचे हे म्हणतात, बायको आता पोरीने किती हवा खर्च केली तेही लिहून ठेवते.

आता स्पष्ट लिहिते. ती खेळाडूंच्या वसतिगृहात राहील. रविवारी तुझ्याकडे जेवायला येऊ दे, पण तुझ्या खोलीत तिला निजवू नकोस. का, ते तुला माहीत आहे. मला लिहायला लावू नकोस.

आणखी एक. पोर धडधाकट परतली तर परतलेल्यांच्या खांद्याला तिला उभी करीन, असा मी माईला नवस बोलले आहे. आपली रीत तू विसरली नसशील. किनाऱ्यावरून उत्सवाला परतणाऱ्याने स्टेशनावरून घरी जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही. आधी देवळात जाऊन माईच्या पालखीला पुढचा खांदा द्यायचा, मग आईच्या हातचं जेवायचं. उत्सवाच्या यजमानाने, प्रोकोपियोने, गेल्या वर्षापासून हा मान मुलींनाही दिला आहे. तेव्हा १४ ऑगस्टला ती मला इथे हवी.

थोरलीची माया आटली असं समजू नये, ती फक्त कमी लिहिते.

तुझी अक्का,
फोर्तुनाता


काल्याओ
१८ जून १९७२

ती. अक्काच्या पायांवर बेनिताचं डोकं. भावोजींना नमस्कार.

पाकीट उलटून पुन्हा चिकटवलंस ते ओळखलं हो. आतल्या बाजूला अजून माझ्याच हाताने लिहिलेला तुझा पत्ता होता. कागदाचा असा उपयोग आपल्या घराण्यात तूच करू जाणे.

देल्फी पोचली. पहिले तीन दिवस तिला इथली हवाच कळेना. म्हणते, मावशी, ही हवा जाड आहे, चावून गिळावी लागते. चौथ्या दिवशी मैदानात सोडली तर मास्तर घड्याळ हलवून बघायला लागले, बंद पडलं की काय म्हणून. तळलेली मासळी बघून आधी नाक मुरडलं, आता डोकंसुद्धा चोखते. तुझ्या गोठवून वाळवलेल्या चुन्यो-बटाट्यांची आठवण काढते, पण पोट भरल्यावर.

मास्तर तिला डॉक्टर सेगारांकडे घेऊन गेले होते. हे डॉक्टर आपल्यासारख्या डोंगरातल्या माणसांचं रक्त तपासतात. मीही गेले होते, आणि सगळं तुला सांगायचं म्हणून लक्ष देऊन ऐकलं. रक्तात तांबड्या पेशी असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. प्रत्येक पेशी म्हणजे हवा वाहणारी एक घागर. वर हवा कमी, म्हणून आपलं मूत्रपिंड हाडांतल्या मगजाला सांगावा धाडतं, आणखी घागरी पाठव. तशा त्या वाढत जातात. शिवाय मांसाच्या कणाकणात बारीक चुली असतात, त्या थोड्या हवेवर जास्त आच काढायला शिकतात. देल्फीच्या रक्ताचा आकडा साडेसतरा निघाला, इथल्या मुलींचा तेरा. डॉक्टर म्हणाले, ही पोर सव्वापटीहून जास्त पाणके घेऊन विहिरीवर आली आहे. मी त्यांना सांगितलं, हिची आईच तशी आहे, थोडक्यात भागवणारी.

आता रागावणार नसशील तर लिहिते. वसतिगृहात मुलींसाठी जागाच नव्हती. मुलांच्या बाजूला पडदा लावून देतो म्हणाले. मी तिला माझ्याकडे आणली. अक्का, खोलीला दोनदा चुना दिला आहे. तिची खाट भिंतीपासून हातभर लांब, विटांवर चढवून ठेवली आहे. दिवसभर दार उघडं असतं. आसपासच्यांचे कपडे धुते, ते आता आत वाळत घालत नाही.

लिहिलंस तर दोन शिव्यांसकट लिही, पण लिही.

तुझी धाकटी,
बेनिता


कार्वापाम्पा
२ जुलै १९७२

चि. बेनितास आशीर्वाद.

शिव्या देण्याची सवय मला नाही. पण अकरा वर्षं जे बोलले नाही, ते आज लिहिते.

माझा अनिसेतो सैन्यातली नोकरी पुरी करून चार महिने तुझ्या त्या खोलीत राहिला. गोदीत काम मिळालं म्हणून राहिला. उत्सवाला म्हणून परत आला, तेव्हा एकवीस वर्षांचा, रेड्यासारखा होता. आल्या दिवशी माईच्या पालखीला खांदा दिला, नाचला, सगळ्यांना हसवलं. दुसऱ्या दिवशी खोकला. तिसऱ्या दिवशी छातीत पाणी झाल्यासारखा आवाज. मी खिडक्या बुजवल्या, पाच पांघरुणं घातली, पायाशी तापवलेल्या विटा ठेवल्या, उठू दिलं नाही. पाद्रीबाबा आले तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता, गुलाबी. डॉक्टरने कागदावर न्यूमोनिया लिहिलं. ओल त्याच्या छातीत बसली होती, बेनिता. ती इथली नव्हती. इथे वाऱ्यावर टांगलेलं मटणसुद्धा कुजत नाही, वाळतं. ओल तुझ्या भिंतीतली होती.

त्याच्यासाठी देवळात झालेल्या प्रार्थनेला तू आलीस तेव्हा मी तुला जेवायला वाढलं. शब्दाने काही बोलले नाही. पण तू जाताना कुंपणापर्यंत पोचवायला आले नाही, हे तुझ्याही लक्षात असेल.

आता मला एकच पोर आहे. तिला त्या खोलीतून काढ. मास्तरांच्या ओळखीत कुठे कोरडी जागा असेल तर बघ, पोटमाळा चालेल.

इकडे ठीक. हे रुळांच्या तपासणीला जातात, संध्याकाळी येऊन विचारतात आज वहीत काय लिहिलं. मी म्हणते, पोर नाही तर नाडी कुणाची मोजू. परवा ह्यांनी स्वतःचा हात पुढे केला. बासष्ट भरली. देल्फीच्या आकड्यांखाली लिहून ठेवली.

रागातही रोज तुझ्यासाठी माळेचे दहा मणी जपते, हे खोटं नाही.

फोर्तुनाता


काल्याओ
३० जुलै १९७२

ती. अक्कास साष्टांग.

तुझं पत्र उशीखाली होतं. उत्तर द्यायला चार आठवडे लागले, कारण काय लिहावं ते कळलं नाही. देल्फीला शेजारच्या एमिलियाबाईंच्या माडीवर झोपायला पाठवते. ती कोरडी आहे, मी हात लावून पाहिली.

आता गोड बातमी. तार मिळाली असेलच, पण तारेत काय मावतं? पोर दुसरी आली. शेवटच्या फेरीत पाचवी होती. मी कठड्यावर चढून ओरडले, देल्फी, कुत्रं लागलंय मागे! आणि अक्का, तीन जणींना मागे टाकून आली ना. पुढच्या वर्षी देशाबाहेरच्या शर्यतीला तिला न्यायचं म्हणतात. पदक तुझ्यासाठी राखून ठेवलंय, मला दात लावून बघू दिलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं. साडेसतराचा आकडा आता पंधराच्या खाली आला आहे. मी घाबरले, पण ते म्हणाले की हे असंच व्हायचं. खाली हवा मुबलक, मग इतक्या घागरी कशाला? शरीर काटकसरी असतं, जास्तीचं सगळं मोडीत काढतं. मला तर तुझीच आठवण झाली.

त्यांनी सहज विचारलं, घरात आणखी कुणी असं खाली राहून वर गेलं होतं का. मी अनिसेतोचं सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली. किती दिवस खाली होता, एका दिवसात वर गेला का, पोचल्यावर काय केलं, फेस कुठल्या रंगाचा होता, सगळं विचारलं. मग म्हणाले, मुलीला परत पाठवायच्या आधी मला भेटा.

तुझ्या जपातले माझे दहा मणी चालू ठेव, आता त्यांची गरज आहे.

बेनिता


काल्याओ
१३ ऑगस्ट १९७२
देल्फीच्या हातून

ती. अक्कास नमस्कार. हे पत्र हातात पडताच, पाणी प्यायच्या आधी वाच.

डॉक्टरांकडून आत्ताच आले. अक्का, देल्फी तिथे जन्मली खरी, पण आता ती अर्धी खालची झाली आहे. आपण सगळे समजतो की डोंगर लागतो तो परक्यांना, पर्यटकांना, इंजिनियरांना. डॉक्टर म्हणतात, नाही. डोंगरात जन्मलेल्याच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या लहानपणापासून जाड भिंतींच्या असतात. तो काही आठवडे खाली राहून एका दिवसात वर गेला, की त्या एकदम आवळतात, परक्यांच्यापेक्षा जोरात. आतलं रक्त दाबलं जातं आणि पाणी चाळणीतून गळावं तसं फुप्फुसात झिरपतं. तरुण आणि धडधाकट पोरांना जास्त, कारण ती पोचल्या पोचल्या धावपळ करतात.

मध्ये मातुकानाला दोन रात्री थांब म्हणून मी हिच्या पाया पडायची बाकी राहिले. उत्सवाच्या गाड्या भरलेल्या आहेत, उतरले तर पुन्हा जागा मिळणार नाही, आईचा नवस बुडेल, म्हणते. म्हणून आता तुझ्या हाती आहे. तिला खांदा देऊ देऊ नकोस. नाचू देऊ नकोस, आठ दिवस पळू देऊ नकोस. माईची क्षमा मी मागेन.

आणि खोकला सुरू झाला, आडवं झाल्यावर दम लागला, ओठ निळे दिसले, तर पांघरुणं घालून ठेवू नकोस. सकाळची वाट पाहू नकोस. जे वाहन मिळेल त्याने तिला खाली ने. लिमाकडे नको, तो घाट आधी आणखी वर चढतो. तार्माकडे उतर. खाली उतरणं हेच औषध आहे, दुसरं नाही.

डॉक्टर आणखीही काही बोलले. ते मी लिहीत नाही. तुला वाटेल मी माझ्यासाठी लिहिते.

बेनिता


तार्मा
२५ ऑगस्ट १९७२

चि. बेनिता, माझ्या बाळा,

देल्फी जिवंत आहे. हे आधी वाच, मग श्वास घे, मग पुढचं.

ती १४ तारखेला चारच्या गाडीने उतरली. फलाटावर बँड होता, प्रोकोपियो हार घेऊन उभा. मी तिला मिठी मारली, तिने पदक माझ्या गळ्यात घातलं. पिशवी माझ्या हातात दिली आणि हसत देवळाकडे निघाली. तुझं पत्र त्या पिशवीत होतं, पळायच्या बुटाच्या आत, पाकीट न फोडलेलं. मी ती पिशवी दोन दिवस खुंटीला टांगून ठेवली होती.

तिने पुढचा खांदा दिला. बेनिता, मी गर्वाने रडले. माईच्या पालखीखाली माझी पोर, आणि गावातल्या त्याच म्हाताऱ्या आता म्हणत होत्या, फोर्तुनाताचा नवस फळला. दुसऱ्या दिवशी ती मुलींबरोबर नाचली. दुपारी बसून राहिली, म्हणाली बूट चावतो. संध्याकाळी खोकला. मी कोकाची पानं उकळून दिली, छातीला मेंढीची चरबी चोळली. मी मोजलं. वहीत आहे, १५ ऑगस्ट, नाडी एकशे बारा, श्वास चौतीस. आकडे लिहिले आणि पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, नाचल्यामुळे.

१६ ला सकाळी दार उघडलं तर उजेडात तिचे ओठ जांभळ्या मक्याच्या दाण्यासारखे दिसले. मी पाच पांघरुणं घालायला काढली, विटा तापायला चुलीत टाकल्या. सगळं तसंच, त्याच क्रमाने. तिने खोकून तोंड पुसलं, तो गुलाबी फेस. बेनिता, मी तो एकदा पाहिला होता. स्वच्छ रुमाल शोधायला तिची पिशवी उपडी केली, आणि बुटातून तुझं पाकीट पडलं. ते उलटून चिकटवलेलं होतं. माझंच पाकीट तू परत वापरलं होतंस.

वाचलं. हे रुळांवर होते, त्यांना निरोप धाडला आणि थांबले नाही. खालच्या खोऱ्यातून संत्री घेऊन येणारा ट्रक उत्सवात माल उतरवून परत निघाला होता. त्याच्यापुढे रस्त्यात आडवी उभी राहिले. ड्रायव्हर आधी ओरडला, मग पोरीचं तोंड बघून त्याने मागची फळी उघडली. तिला रिकाम्या खोक्यांना टेकून बसवलं, आडवी केली नाही. पांघरूण एकच.

मी मोजत राहिले. दुसरं काय येतं मला? निघताना श्वास चव्वेचाळीस. पहिल्या वळणांवर त्रेचाळीस, पंचेचाळीस. मला वाटलं संपलं. नवस मी बोलले, आता माई वसूल करते आहे असं वाटलं. मग मक्याची शेतं लागली, तिथे अडतीस. निलगिरीची झाडं आली, तिथे चौतीस. तार्माच्या बाजारात फुलांच्या गाड्यांमुळे थांबावं लागलं, तिथे एकतीस. तिथल्या दवाखान्यात न थांबता ड्रायव्हरने तसंच खाली सान रामोनपर्यंत नेलं, त्याचं घर तिकडेच. त्याने पैसे घेतले नाहीत. कॉफीच्या मळ्यांपाशी ती म्हणाली, आई, भूक लागली. श्वास बावीस.

आणि तेव्हा मला कळलं, बेनिता. पोर खात होती आणि मला कळलं. घरापासून तिथवर साडेचार तास. तो रस्ता अकरा वर्षांपूर्वीही आमच्या दारासमोरूनच जात होता. संत्र्यांचे ट्रक तेव्हाही जात होते. अनिसेतो तीन दिवस पांघरुणांखाली होता आणि रोज दुपारी ट्रकचा भोंगा मला ऐकू येत होता. पोराची झोप मोडते म्हणून मी फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवल्या.

देल्फीला मी रागावले. तिने कबूल केलं की डॉक्टरांनी तिलाही सगळं सांगितलं होतं. पण तिला वाटलं, डॉक्टर शहरातले, त्यांना आपला डोंगर काय ठाऊक. आणि म्हणाली, आई, तू माईला शब्द दिला होतास, तो मी कसा मोडू. पत्र दिलं असतं तर तू मला देवळाच्या दारातून परत फिरवलं असतंस, आणि सगळा गाव बघत होता. शब्द मीच दिला होता. पिशवीही मीच टांगली होती.

आज तिला तार्मापर्यंत वर आणली आहे. डॉक्टर सेगारांनी विदाल मास्तरांच्या हाती हवेचा सिलिंडर पाठवला आहे. परवा ते तिला गाडीतून न थांबता घाटापलीकडे लिमाला नेतील. मास्तर माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीत. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, तेही आमच्याकडचेच. डॉक्टरांनी निरोप दिला आहे की ज्याला हे एकदा झालं त्याला पुन्हा होतं. म्हणजे ती पळेल, पण खाली. घरी यायचं तर दर वेळी जीव मुठीत धरून. डोंगराने माझ्या पोरीला ओळखलं नाही, बेनिता.

तिला तुझ्याकडे पाठवते आहे. तुझ्या खोलीत.

तू जे लिहिलं नाहीस, ते आता लिही. तुझ्यासाठी लिही.

अक्का


काल्याओ
१० सप्टेंबर १९७२

ती. अक्कास,

देल्फी खाते, झोपते, सकाळी समुद्रकाठी चालून येते. रात्रीच्या जेवणात तिखट कमी आहे म्हणून मला नावं ठेवते. म्हणजे बरी आहे.

तू विचारलंस म्हणून लिहिते. डॉक्टर म्हणाले, तो न्यूमोनिया नव्हता. भिंतीची ओल वर नेता येत नाही. खाली नेलं असतं तर त्याच दिवशी उठून बसला असता. हेही म्हणाले की त्या वर्षी ही गोष्ट जाणणारे डॉक्टर सगळ्या देशात बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यातला एकही तुमच्या गावात नव्हता. आईने जे केलं तेच त्या काळी कुठल्याही डॉक्टरने केलं असतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, तुला कळवा म्हणून.

अक्का, तू मला बोलली नाहीस, पण न बोलताही मला कळलं होतं. आणि मी ते मानलं होतं. अकरा वर्षं दर ऑगस्टात मी ती भिंत खरवडते. चाकूने, विटेपर्यंत. मग चुना देते. यंदाही खरवडली, हे सगळं कळल्यानंतर. हाताला सवय झाली आहे. देल्फीने विचारलं, मावशी, ही भिंत का सोलतेस? मी सांगितलं, इकडे उन्हाळ्याआधी असंच करतात.

तो इथे असताना रोज सकाळी गाणं म्हणत तोंड धुवायचा. शेजारी चिडायचे. ते तुला कधी सांगता आलं नाही.

तुझी,
बेनिता


कार्वापाम्पा
५ नोव्हेंबर १९७२

चि. बेनितास तिच्या अक्काचे दोन्ही हात.

मृतांचा दिवस झाला. अनिसेतोचं ताट मांडलं, त्याला आवडायचे ते मेंढीच्या सुपातले बटाटे, भाजलेला मका, आणि बाळाच्या आकाराची गोड भाकर. आमचे हे ताटासमोर बसले आणि म्हणाले, वहीतली देल्फीची पानं वाचून दाखव त्याला. मी वाचली. चव्वेचाळीसपासून बावीसपर्यंत. त्यांनी मधे थांबवलं नाही.

त्याआधी एक गोष्ट केली ती सांगते. ऑक्टोबरातल्या सभेत उत्सवाचा हिशोब झाल्यावर मी उभी राहिले. मला बोलायची सवय नाही, कागदावर लिहून नेलं होतं. मी सांगितलं की माझा मुलगा किनाऱ्यावरच्या ओलीने मेला नाही. परतल्या दिवशी खांदा देऊन, तीन दिवस पांघरुणाखाली, माझ्या हाताखाली मेला. सांगितलं की गावात याआधीही परतलेली पोरं उत्सवात आजारी पडली आहेत, प्रत्येकाने आपापल्या घरातली आठवावी. मग मागून लोरेन्सा म्हातारी म्हणाली की तिचा भाऊ, एकोणीसशे अडतीस साली. मग आणखी एक. प्रोकोपियो आधी म्हणाला की रीत मोडली तर माई कोपेल. मी म्हटलं, माई आई आहे, तिचाही पोरगा गेला होता, तिला कळेल. पाद्रीबाबांनी मान हलवली.

ठरलं असं, की परतलेल्याने खांदा द्यायचा नाही. त्याने देवळाच्या पायरीवर बसायचं, आणि पालखी त्याच्यासमोर येऊन थांबेल. त्याने उठायचंसुद्धा नाही. पोरं हसली, म्हणाली हा आळशांचा उत्सव झाला. हसू देत. आठव्या दिवशी वाटलं तर नाचावं.

त्या पायरीवर माझी पोर बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. नवी रीत दुसऱ्यांच्या पोरांसाठी आहे.

गोड भाकर अर्धी मोडून या पत्राबरोबर प्रोकोपियोच्या मुलाच्या हाती पाठवते आहे. अनिसेतोच्या ताटातला वाटा तुला अकरा वर्षं दिला नाही. वाळली असेल, दुधात बुडवून खा, देल्फीलाही दे. त्याचं गाणं कुठलं होतं ते तिला म्हणून दाखव, मी आले की मलाही.

हो, मी येते आहे. ख्रिसमसआधी. ह्यांना रेल्वेचा पास मिळतो, त्यावर बायकोलाही येता येतं. खर्चाचं तू मनात आणू नकोस. वरच्या माणसाला खाली यायला भीती नाही असं डॉक्टर म्हणतात; परतताना मातुकानाला दोन रात्री थांबेन. मला माडीवर निजवू नकोस. त्या खोलीत, त्याची खाट होती तिथे, भिंतीला लागून माझं अंथरूण घाल. आणि बेनिता, मी येईपर्यंत त्या भिंतीला चाकू लावू नकोस. तिने काही केलेलं नाही.

कुंपणापर्यंत पोचवायचं राहिलं होतं. आता स्टेशनावर घ्यायला ये.

तुझीच,
अक्का